हवा बाहेर जाण्याची वाट

पाण्याखाली तरंगण्याचा तोल सांभाळणारे, हवेने फुगणारे बीसीडी जाकीट विकत घेताना माणूस काय काय पाहतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. ते किती किलो वजन तोलून धरील, खिसे किती आणि त्यांच्या चेन कशा, पाठीची गादी मऊ आहे की नाही, प्रवासात घडी किती लहान होईल, आणि उघडपणे कबूल करायचे नसले तरी, रंग कोणता. हवा आत कशी भरायची हे विक्रेता बटण दाबून दाखवतो आणि फुगणारी पिशवी पाहून आपण समाधानाने मान डोलावतो. तीच हवा बाहेर कोठून, कशी आणि किती वेगाने जाते, हे मी पहिल्या खरेदीच्या वेळी विचारले नव्हते. जाकिटाच्या मागच्या बाजूस, खालच्या कोपऱ्यात एक काळी चकती आणि तिच्यातून लोंबणारा दोरीचा तुकडा होता. तो ओढला की चकतीखालची झडप उघडून हवा बाहेर जाते, हे मला ठाऊक होते; पण जाकीट अंगात असताना तो माझ्या हाताला सापडतो का, हे मी दुकानात एकदाही करून पाहिले नाही.

त्याची आठवण मला सहा मीटर खोलीवर झाली. डायव्ह संपत आली होती, सिलिंडरमध्ये साठेक बार दाबाची हवा उरली होती, आणि एका खडकाच्या कपारीत काय हालते आहे ते पाहण्यासाठी मी डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत वाकलो होतो. पाय हळूहळू आणखी वर जाऊ लागले. शिकवल्याप्रमाणे मी इन्फ्लेटरची, म्हणजे जाकिटात हवा भरण्या-सोडण्याची, नळी डोक्याच्या वर धरली आणि बटण दाबले. पण डोकेच खाली असल्यामुळे माझे ‘वर’ म्हणजे समुद्राचा तळ होता, आणि नळीतून हवा बाहेर जाण्याऐवजी घोटभर पाणीच आत आले. मग खांद्यावरची दोरी ओढली, तिथेही तीच गत. शेवटी उजवा हात मागे नेऊन कंबरेशी चाचपडलो, पण दोरीच्या टोकाचा मणी काही हाती लागेना. सहा मीटर अंतर कापायला अशा वेळी फारसा वेळ लागत नाही. मी पाय आधी आणि डोके नंतर अशा क्रमाने पृष्ठभागावर अवतरलो. सुदैवाने त्या दिवशी इजा काही झाली नाही, लाज मात्र भरपूर वाटली.

आमच्या गटातल्या एका जुन्या, अनुभवी डायव्हरने बोटीवर माझे जाकीट उलटे करून पाहिले आणि सिलिंडरच्या पट्ट्याखाली चेमटलेला मणी बोटाने बाहेर काढून दाखवला. ‘‘दोन ठिकाणी तू हवा सोडायला गेलास, तिथे हवा नव्हतीच. जिथे होती, तिथली दोरी तू स्वतःच पट्ट्याखाली आवळून ठेवली होतीस,’’ एवढेच ते म्हणाले. सकाळी सिलिंडर बांधताना मी पट्टा ओढून घट्ट केला होता, तेव्हा त्याखाली काय गेले हे पाहिले नव्हते. डम्प व्हॉल्व्ह, म्हणजे हवा सोडणारी ही झडप, या विषयात मी शिरलो तो त्या दिवसापासून, आणि अजून पूर्ण बाहेर आलेलो नाही.

पाण्याखालच्या पिशवीत हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते, हे शाळकरी पोरालाही समजते. व्हॉल्व्ह निवडताना मात्र त्यापुढची एक पायरी उपयोगाची आहे. पिशवी अर्धवट भरलेली असते तेव्हा तिचे कापड सैल असते, आणि आतल्या हवेचा दाब हा त्या हवेच्या बुडबुड्याच्या सर्वांत खालच्या कडेला पाण्याचा जेवढा दाब असेल साधारण तेवढाच असतो. बुडबुड्याच्या माथ्याशी बाहेरच्या पाण्याचा दाब त्याहून थोडा कमी असतो. हा जो थोडासा फरक, तोच हवेला बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह उघडणारा हात फक्त दार उघडतो. डायव्हर उभा असेल आणि पिशवीतला बुडबुडा २० सेंटिमीटर उंच असेल, तर माथ्याशी मिळणारा दाब २० सेंटिमीटर पाण्याचा, म्हणजे सुमारे ०.०२ बार. तोच डायव्हर पोट खाली करून आडवा झाला की हवा पाठीवर पसरते, बुडबुड्याची उंची जेमतेम ५ सेंटिमीटर राहते आणि ढकलणारा दाब एक चतुर्थांशावर येतो. हवेचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे तो निम्मा होतो. उभ्याने ज्या व्हॉल्व्हमधून हवा भसकन जाते, तोच आडव्याने आळशी का वाटतो, हे मला या हिशेबानंतर कळले. तोपर्यंत मी दोष व्हॉल्व्हलाच देत होतो.

त्यात घाई असते ती वरच्या दहा मीटरांत. दाब घटतो त्या प्रमाणात हवा फुगते, हा बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम प्रत्येक डायव्हर परीक्षेपुरता पाठ करतो, पण तो खऱ्या अर्थाने कळतो तो या पट्ट्यात. ३० मीटरवर दाब ४ बार असतो. तिथे पिशवीत ६ लिटर हवा असेल, तर २० मीटरवर ती ८ लिटर होते, १० मीटरवर १२ आणि पृष्ठभागावर २४. म्हणजे खालच्या दहा मीटरांत २ लिटर वाढतात आणि शेवटच्या दहा मीटरांत १२. त्याच वेळी अंगावरच्या निओप्रीनच्या सूटमधले सूक्ष्म बुडबुडेही फुगून सूट अधिक तरंगू लागतो, आणि ११ लिटरच्या सिलिंडरमधून २०० पैकी १५० बार हवा वापरून झालेली असेल तर सिलिंडर सुमारे २ किलोने हलका झालेला असतो. सुरुवातीला हे २ किलो तोलण्यासाठी पिशवीत जी २ लिटर हवा ठेवली होती, तिची आता गरज उरलेली नसते. ती काढून टाकायची असते. हे सगळे डायव्हच्या अखेरीस, हात थंड पडलेले आणि लक्ष विचलित झालेले असताना, मिनिटाला ९ मीटरहून अधिक वेगाने वर न जाता करायचे असते. म्हणून दोरी हाताला पहिल्या प्रयत्नात सापडणे याला मी खिशांपेक्षा आणि रंगापेक्षा फार वरचे स्थान देतो.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जाकिटांना हवा सोडण्याच्या तीनचार वाटा असतात. डाव्या खांद्यावरून येणारी इन्फ्लेटरची लवचीक नळी, जिचे टोक उंच धरून बटण दाबायचे. त्याच नळीच्या मुळाशी, खांद्यावर बसवलेला एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकलेला जोड, जो नळी खाली ओढली की आतल्या तारेने उघडतो. उजव्या खांद्यावरचा दोरीचा व्हॉल्व्ह. आणि पाठीमागे खाली एक किंवा दोन व्हॉल्व्ह. विंगला, म्हणजे हवेची पिशवी फक्त पाठीवर असलेल्या प्रकाराला, बहुधा उजव्या खांद्यावर काही नसते आणि खाली डाव्या बाजूस एकच व्हॉल्व्ह असतो. नवशिक्याला वाटते की व्हॉल्व्ह जितके जास्त तितके बरे. मलाही वाटत असे. आता वाटते की, ज्या अवस्थेत आपण पाण्याखाली निम्म्याहून जास्त वेळ असतो, त्या अवस्थेत सर्वांत उंच असणारा एक व्हॉल्व्ह चांगला असावा आणि बाकीचे कमीत कमी त्रासदायक असावेत. कारण प्रत्येक व्हॉल्व्ह हे पिशवीला पाडलेले आणखी एक भोक असते, आणि गळते ते भोकच.

जो अजून उभ्याने वर-खाली जातो, त्याला खांद्यावरचा व्हॉल्व्ह खरोखर उपयोगाचा आहे आणि त्याला त्यावरून हिणवण्यात अर्थ नाही. जो आडवा तरंगायला शिकला, त्याच्या खांद्यावरचा व्हॉल्व्ह जवळजवळ शोभेचा होतो आणि कंबरेचा व्हॉल्व्ह कामाला येतो. डावा नितंब किंचित उचलला, हवा त्या कोपऱ्यात सरकली, दोरीला एक छोटा झटका दिला, बुडबुडे गेले, दोरी सोडली, इतके ते सोपे असते. दोरी धरून ठेवली तर हवा संपल्यावर पाणी आत येते. पाण्याखाली त्या पाण्याचे वजन जाणवत नाही, पण बोटीची शिडी चढताना जाणवते.

व्हॉल्व्ह विंगच्या कोणत्या बाजूस आहे, हा प्रश्न मी फार उशिरा विचारला. काही विंगांना तो सिलिंडरच्या बाजूस असतो, काहींना पाठीच्या. आडव्या डायव्हरची सिलिंडरकडची बाजू वर असते, त्यामुळे तिथला व्हॉल्व्ह हवेच्या अगदी माथ्याशी येतो आणि थोड्याशा झुकण्याने रिकामा करतो. पण त्याची दोरी हाताला दूर पडते. पाठीकडच्या व्हॉल्व्हची दोरी कंबरेपाशी आपोआप हाती येते. पण हवा बाहेर काढायला शरीर जास्त कलवावे लागते आणि शेवटची थोडी हवा तरीही आतच राहते. माझे खांदे फारसे मागे वळत नाहीत, म्हणून मी दुसऱ्या प्रकाराकडे झुकलो. ज्याचे खांदे लवचीक आहेत त्याने माझे ऐकू नये. विंगच्या आकाराचाही यात वाटा आहे. खाली जोडलेल्या, कड्यासारख्या विंगमध्ये हवा एका बाजूकडून दुसरीकडे खालूनही जाऊ शकते. घोड्याच्या नालासारख्या विंगमध्ये उजव्या अंगाला अडकलेली हवा डावीकडे आणायची तर आधी खांद्यांकडून फिरवून आणावी लागते, आणि व्हॉल्व्ह एकाच बाजूला असेल तर हे विसरून चालत नाही.

आता आतला भाग. एका रविवारी मी मागचा व्हॉल्व्ह पहिल्यांदा नीट उघडून तपासला, कारण जाकीट रात्रभर फुगवून ठेवले की सकाळी मऊ पडत असे. झाकण हाताने फिरवल्यावर सुटले. त्याखाली शंकूच्या आकाराची स्टीलची स्प्रिंग होती, रुंद तोंड एकीकडे आणि निमुळते दुसरीकडे. ती कोणत्या दिशेने बसली होती याचा मी आधी फोटो काढला, आणि तो फोटो काढला नसता तर पुढचे दोन तास मी खात्रीने चुकीचीच बसवली असती. स्प्रिंगखाली प्लॅस्टिकची झडप, तिच्या तळाला रबराची पातळ चकती, आणि त्या चकतीवर बैठकीच्या, म्हणजे झडप जिच्यावर टेकते त्या भागाच्या, कडेचा एक गोल, नाजूक ठसा उमटलेला. चकती उजेडात तिरपी धरली तेव्हा त्या गोलाला एके ठिकाणी तुटलेपणा दिसला. तिथे टाचणीच्या डोक्याहून लहान असा वाळूचा एक कण रबरात रुतून बसला होता. त्याच्या बाजूला मिठाचे पांढरे कण, रेषेसारखे. कण नखाने काढला, चकती कोमट पाण्यात धुतली, बैठकीची कडा ओल्या कापडाने पुसली, सगळे परत बसवले, आणि जाकीट दुसऱ्या दिवशी सकाळी टणक होते. नवीन व्हॉल्व्हची मागणी नोंदवण्याच्या बेतात होतो; तो खर्च एका वाळूच्या कणाने वाचवला असे म्हणण्यापेक्षा, तो खर्च करायला त्यानेच मला प्रवृत्त केले होते असे म्हणणे बरोबर ठरेल.

तेव्हापासून डायव्हनंतर गोडे पाणी इन्फ्लेटरमधून आत घालतो, जाकीट सगळीकडे हलवतो आणि ते पाणी मुद्दाम डम्प व्हॉल्व्हमधूनच बाहेर काढतो, म्हणजे बैठक धुतली जाते. सिलिकॉन ग्रीस झाकणाच्या आट्यांना आणि बाहेरच्या वॉशरला बोटाने पुसट लावतो, बैठकीला मुळीच लावत नाही. ग्रीस लावलेली बैठक वाळूला आमंत्रणच देते. आणि झाकण पक्कडीने आवळत नाही. प्लॅस्टिकचे आटे एकदा गेले की गेले, आणि ती बैठक पिशवीला कारखान्यात वितळवून जोडलेली असल्यामुळे ती नवी बसवणे घरी शक्य नसते.

हीच स्प्रिंग दुसरे एक काम करते. हे व्हॉल्व्ह हाताने उघडण्यापुरते नसतात. आतला दाब वाढला की ते आपोआप उघडून पिशवी फुटण्यापासून वाचवतात. इन्फ्लेटरला येणारी हवा सिलिंडरचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यातून आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक दाबाने येते, आणि बटण आत अडकून बसले तर ती येतच राहते. अशा वेळी तिची नळी खेचून सोडवेपर्यंत पिशवीचा जीव या स्प्रिंगवर असतो. ती साधारण ०.१ बार किंवा त्याहून किंचित जास्त दाबाला दबते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. बैठकीचा व्यास ३ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर होते आणि स्प्रिंगने धरायचे बळ सुमारे ७०० ग्रॅम वजनाइतके भरते, जे बोटाने सहज दाबता येते. पण तोच ०.१ बार पिशवीच्या ३० बाय ४० सेंटिमीटरच्या एका बाजूवर लावून पाहिला, तर ते बळ सुमारे १२० किलो वजनाइतके होते. पिशवीच्या कडेचे जोड हे बळ सोसण्यासाठी केलेले असतात. याच्या तिप्पट सोसण्यासाठी बहुधा नव्हे.

हा हिशेब मी आधी केला असता तर एक मूर्खपणा टळला असता. वाळूच्या कणाच्या प्रकरणाआधी, गळती थांबवण्यासाठी मी स्प्रिंग काढून हाताने थोडी ताणली होती, की ती झडप अधिक जोराने दाबील. गळती काही थांबली नाही. पण नंतर जाकीट पूर्ण भरून पाहिले तेव्हा नेहमीच्या ठिकाणी फुर्र असा आवाज आला नाही. पिशवी ढोलासारखी ताणली गेली, शिवणीच्या कडा पांढुरक्या दिसू लागल्या, आणि मी घाबरून दोरी ओढली. दुसऱ्या दिवशी मूळ मापाची नवी स्प्रिंग मागवली. त्या अनुभवानंतर माझा एक नियम ठरून गेला आहे की, पिशवीच्या बाहेर जे आहे, म्हणजे दोरी, मणी आणि दोरीचा मार्ग, ते मी बदलीन. आत जे आहे, म्हणजे स्प्रिंग, झडप आणि बैठक, ते जसे आहे तसेच ठेवीन किंवा त्याच निर्मात्याचे बदलून टाकीन. युरोपात या साधनांसाठी ईएन १८०९ हे मानक आहे. त्याच्या चाचण्या ज्या व्हॉल्व्हसह उत्तीर्ण झाल्या, तो व्हॉल्व्ह बदलला की हातात उरते ते चाचणी झालेले साधन नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

त्याच निर्मात्याचे, यावर भर देण्याचे कारण आट्यांमध्ये आहे. डम्प व्हॉल्व्हच्या आट्यांना सर्वमान्य असे एकच माप नाही. दिसायला सारखे दोन व्हॉल्व्ह शेजारी ठेवले तर एकाचे आटे जाड आणि दुसऱ्याचे बारीक निघतात, आणि दोन फेऱ्या बसले म्हणजे बसलेच असे वाटते. तिसऱ्या फेरीला ते तिरके चढतात. मी एका दुकानातून ‘‘हा सगळ्यांना बसतो’’ म्हणून दिलेला व्हॉल्व्ह आणला होता. तो माझ्या विंगला बसला, पण खालचा वॉशर एका बाजूने किंचित उचललेला राहिला, आणि बादलीत बुडवल्यावर तिथून मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे निघाले. दुकानदाराचे म्हणणे होते की मी तो पुरेसा आवळला नाही.

दोरीचे शास्त्र याहून सोपे दिसते, पण मला सर्वांत मोठा धडा तिनेच दिला. खांद्यावरच्या व्हॉल्व्हची दोरी जाकिटाच्या पट्ट्यावरच्या एका कापडी बोगद्यातून छातीवर येते. माझी दोरी लांब होती, मणी इकडेतिकडे लोंबत असे आणि दोनदा कॅमेऱ्याच्या दांड्यात अडकला होता. म्हणून मी ती कापून आखूड केली, टोकाला नवी गाठ मारली आणि तो मणी छातीवर कसा नेमका बसला आहे हे आरशात पाहून खूश झालो. पुढच्या डायव्हला पाण्यात उडी मारून जाकीट पूर्ण भरले, तर खांद्यावरून सतत सुरसुर असा आवाज. हवा भरावी तर निघून जाई. पाण्याबाहेर आणून पाहिले तर काही बिघाड नाही. तिसऱ्या वेळी लक्षात आले. जाकीट भरले की खांद्यावरचे कापड फुगते, व्हॉल्व्ह छातीपासून दूर जातो, आणि मधली दोरी ताणली जाऊन व्हॉल्व्ह स्वतःच उघडते. रिकाम्या जाकिटावर जी दोरी नेमकी वाटत होती, ती भरलेल्या जाकिटावर चारेक सेंटिमीटरने अपुरी होती. ज्या क्षणी तरंगत राहण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच क्षणी गळणारे जाकीट मी स्वतःच्या हाताने तयार केले होते.

आता दोरी कापण्याआधी मी जाकीट सिलिंडरसह अंगात घालतो, आपोआप हवा सुटेपर्यंत भरतो, आणि त्या अवस्थेत दोरीला दोन बोटांचा ढिलावा राहील असे माप घेतो. जुनी दोरी टाकण्याआधी नवी एक डायव्ह वापरतो. २ ते ३ मिलिमीटर जाडीची विणलेली नायलॉनची दोरी मला बरी वाटते. कापलेले टोक पेटत्या काडीने वितळवून बंद करावे लागते, पण ते दोरी व्हॉल्व्हमध्ये ओवण्याआधी आणि पिशवीपासून दूर. झडपेच्या दांड्यातली गाठ इतकी मोठी नको की ती झाकणाच्या भोकात अडकून झडप परत बसू देणार नाही. मण्याबाबत मते वेगवेगळी आहेत. चपटी पट्टी अंगालगत राहते आणि कशात अडकत नाही, पण जाड हातमोजे घातले की बोटांना तिचा पत्ता लागत नाही. गोल मणी हाताला लगेच कळतो, पण पट्ट्याखाली शिरायला तोच पुढे असतो, हे मी सुरुवातीला सांगितलेच आहे. मी मणी ठेवला आणि दोरी इतकीच लांब ठेवली की तो सिलिंडरच्या पट्ट्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. मणी चकाकत्या पिवळ्या रंगाचा घेतला आहे. मला तो दिसत नाही, पण बुडी मारण्याआधी माझी पाठ तपासणाऱ्या जोडीदाराला दिसतो.

एल्बोचा प्रश्न राहिला. नळी ओढून हवा सोडणारा एल्बो ही सोयीची कल्पना आहे, पण त्यात ओढण्याचा सगळा ताण नळी, तिला एल्बोवर आवळणारी प्लॅस्टिकची पट्टी आणि आतली बारीक तार यांवर येतो. शिवाय इन्फ्लेटर शोधताना, तो छातीवर अडकवताना किंवा दुसऱ्याने मदतीच्या भरात तो ओढताना नको तेव्हा हवा जाते. मी माझ्या विंगवरचा एल्बो साधा, न उघडणारा करून घेतला. हा बदल करताना आधी पाहायचे ते हे की, दाब वाढल्यावर आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह पिशवीत दुसरीकडे कोठे आहे का. काही साधनांत ते काम एल्बोमधलीच झडप करत असते. ती काढून साधा एल्बो बसवला की पिशवीला सुटकेची वाटच उरत नाही. माझ्या विंगला मागे तो व्हॉल्व्ह होता, म्हणून मी धीर केला. ज्यांना सवयीने नळी ओढण्याचाच हात आहे त्यांनी हा बदल करू नये, कारण संकटात हात जुनीच वाट धरतो.

ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा, हवा भरलेला सूट, वापरणाऱ्यांना हे सगळे काहीसे पोरकट वाटेल. त्यांच्या डाव्या दंडावरचा व्हॉल्व्ह फिरवून हवा तेवढ्या दाबावर लावता येतो, आणि कोपर उचलला की हवा आपोआप जाते. तो मऊ स्प्रिंगचा, नाजूक मापाचा व्हॉल्व्ह असतो, आणि बीसीडीला तसा का बसवत नाहीत असे मला एका नवशिक्याने विचारले होते. उत्तर वरच्या हिशेबातच आहे. दंडावरच्या व्हॉल्व्हने थोडी हवा सतत सोडत राहावी हीच अपेक्षा असते, तर बीसीडीने पृष्ठभागावर माणसाला तोलून धरताना शेवटच्या लिटरपर्यंत हवा धरून ठेवायला हवी. १९६१ च्या सुमारास मॉरिस फेन्झी यांनी गळ्याभोवती घालायचे, स्वतःची छोटी हवेची बाटली असलेले जाकीट आणले तेव्हापासून ही ओढाताण चालू आहे. हवा आत धरायचीही आहे आणि पाहिजे तेव्हा पटकन सोडायचीही आहे, आणि दोन्ही कामे एकाच छोट्या चकतीकडे आहेत.

मोसम सुरू होण्याआधी एका संध्याकाळी मी विंग जमिनीवर पसरतो, तोंडाने फुगवतो, कारण इन्फ्लेटरची शक्ती वापरली की दाबाचा अंदाज येत नाही, आणि मागच्या व्हॉल्व्हने फुर्र म्हणेपर्यंत फुंकत राहतो. तो बंद झाल्यावर त्यावर साबणाच्या पाण्याचे बोट फिरवतो. मग विंग खुर्चीवर उभी करून झोपायला जातो. सकाळी ती अजून टणक असेल तर सिलिंडर बांधून, अंगात घालून, डोळे मिटून मण्याकडे हात नेतो. यंदा तो पहिल्या वेळी सापडला नाही. दुसऱ्या वेळी सापडला, पण दोरी झाकणाच्या कडेला घासून विरली होती आणि मधले दोन धागे उभे राहिले होते. कात्री, काडी आणि पिवळा मणी घेऊन मी पुन्हा टेबलाशी बसलो.